ड्रमकाराचा आठवा लॉर्ड

नॉटिंगहॅमच्या त्या घराला तीन मजले होते आणि स्वयंपाकघर एकच. खालचा मजला आमचा. मधल्या मजल्यावर घराचे मालक, लॉर्ड आणि लेडी ड्रमकारा, आणि वरचा मजला बंद, कारण छप्पर गळत होतं. मालक आयर्लंडमधले सातवे लॉर्ड आणि आम्ही त्यांचे भाडेकरू, पण स्वयंपाकघर सामाईक असल्यामुळे कोण वरचं आणि कोण खालचं हे फार दिवस टिकलं नाही. आईची कणिक मळायची परात आणि लेडीबाईंचा सोडा ब्रेडचा तवा एकाच खिळ्याला टांगलेले असत. लेडीबाई हे नाव आईनं ठेवलेलं. समोर ती 'लेडी ड्रमकारा' असं अडखळत म्हणायची, मागे मात्र लेडीबाई. नातवंडांनो, तुम्ही दोघं व्हँकूव्हरला ज्या घरात राहता तिथे वरच्या माणसाचं नाव तुम्हाला ठाऊक नाही असं तुमची आई सांगते. मला त्या घरातल्या प्रत्येक माणसाचं पाऊल जिन्यावर ओळखू यायचं. बाबांचं झपाझप, ते इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कामाला होते आणि त्यांना नेहमी उशीर झालेला असायचा. लॉर्डसाहेबांचं एक पाऊल, मग काठी, मग खोकला. लेडीबाई कठड्याला धरून उतरायच्या, कारण त्यांची बोटं संधिवातानं वाकली होती आणि त्या बोटांवर त्यांचा विश्वास उरला नव्हता.

सकाळी सातला भिंतीतले नळ गुरगुरायला लागत, म्हणजे वर आंघोळीचं पाणी सोडलं. मग आईच्या फोडणीचा वास जिन्यानं वर चढायचा आणि लॉर्डसाहेब खाली यायचे. चीज घातलेल्या टोस्टवर लिंबाचं गोड लोणचं त्यांना फार आवडायचं. बरणी ते स्वतः उघडत नसत, ती हातात घेऊन आईकडे बघत उभे राहत. "मिसेस जोशी, ही फार घट्ट आहे," असं म्हणायचे. घट्ट नसायची. आई म्हणायची, "एवढे लॉर्ड, पण लोणचं मागायची लाज वाटते बघ त्यांना."

मी तेव्हा सतरा वर्षांची होते. शाळा होती आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी टायपिंगचा वर्ग होता. व्यवस्थितपणाचं मला तेव्हापासूनच वेड. माझ्या पेन्सिली उंचीप्रमाणे लावलेल्या असत. वर्गात आमच्या बाई म्हणायच्या की हेमाच्या कागदावर रबर लागत नाही. हे ऐकून लॉर्डसाहेबांनी मला दर गुरुवारी शाळेनंतर वर बोलवायला सुरुवात केली. त्यांना घराण्याचा इतिहास लिहून ठेवायचा होता. ते सांगत आणि मी त्यांच्या जुन्या जड टाइपरायटरवर बडवत असे.

पहिल्या लॉर्डनं आयर्लंडची पार्लमेंट मोडून इंग्लंडला जोडायच्या बाजूनं मत दिलं आणि त्या मताच्या बदल्यात पदवी मिळवली. "आम्ही आमची पार्लमेंट विकली आणि टोपी घेतली," असं लॉर्डसाहेब अगदी सहज म्हणायचे. दुसरा घोड्यावरून पडून गेला. तिसरा त्याचा भाऊ. चौथ्याला पाच मुली, म्हणून पदवी पुतण्याकडे गेली, तो पाचवा. सहाव्याच्या काळात जमिनी कुळांकडे गेल्या आणि मोठं घर जळालं. सातवे हे स्वतः. इथे आले की थांबायचे आणि चहा मागायचे. मी एकदा विचारलं, "एवढं सगळं गेलं, मग पदवी कशी उरली?" ते म्हणाले, "तिला घर लागत नाही, जमीन लागत नाही. फक्त दर पिढीला एक मुलगा लागतो. तेवढंच तिचं खाणं." मी हे टाइप करायला लागले तर त्यांनी हात वर केला. "ते नको," म्हणाले. तेव्हा मला वाटलं, विनोद कागदावर नको असेल.

घराण्याचा इतिहास ही गोष्ट मला मुळीच परकी नव्हती. आमच्याकडे आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत होता, लाल कापडी बांधणीचा, पुण्याहून ट्रंकेतून आलेला. बाबा इंग्लंडमधल्या आमच्या सगळ्या भाऊबंदांचे फॉर्म भरून घ्यायचे आणि पुण्याला पाठवायचे, आणि वंशावळी स्वच्छ उतरवून काढायचं काम माझं असायचं. कुणाला मुलगा झाला, कोण कुठे शिकला, कोण दत्तक गेला. दत्तक मुलाच्या नावापुढे कंसात 'द.' लिहायचं आणि त्याची शाखा नव्या बापाच्या नावाखाली पुढे चालवायची, हा नियम. बाबांच्या नावापुढे ते 'द.' होतं. सहा वर्षांचे असताना त्यांच्या निपुत्रिक काकांनी त्यांना दत्तक घेतलं. होम झाला, काकूच्या मांडीवर बसवलं, सगळ्या गल्लीला साखर वाटली, जिलबीचं जेवण झालं. बाबा आल्यागेल्याला ही गोष्ट सांगायचे. "दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. मी दोन्ही घरी जेवून लठ्ठ झालो." ते 'द.' म्हणजे शाळेत मिळालेल्या बक्षिसासारखं काहीतरी आहे, अशीच माझी समजूत होती.

लॉर्ड आणि लेडींना एकच मुलगा, मायकेल. तो चोवीस-पंचवीसचा असेल. हाउन्सलोला राहायचा, विमानतळावर सामानाच्या ऑफिसात कामाला होता आणि दर दुसऱ्या शनिवारी यायचा. उंच, लालसर केसांचा, सदा काहीतरी खात असलेला. मला 'मिस टाइपरायटर' म्हणायचा. "मिस टाइपरायटर, आज किती लॉर्ड मारलेस?" "दोन. तुझी पाळी अजून यायची आहे." "मी लॉर्ड झालो की तुला माझी सेक्रेटरी करीन. पगार नाही, पण थालीपीठ तूच आणायचं." आई त्याला पहिलं थालीपीठ वाढायची, लोण्याच्या गोळ्यासकट, आणि तो उभ्या उभ्याच खायचा.

एकदा दुपारी आई आणि लेडीबाई मटार सोलत बसल्या होत्या. आईनं बाबांच्या दत्तकविधानाची गोष्ट आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत, हातवारे करून सांगितली. लेडीबाईंनी सगळी ऐकली. मग मटारकडे बघतच, हळू म्हणाल्या, "मायकेलही. तीन आठवड्यांचा होता." आईनं त्यांच्या वाकड्या बोटांवर हात ठेवला. संध्याकाळी पोळ्या लाटताना आईनं मला सांगितलं, "अगं, मायकेल पण आपल्या बाबांसारखाच. बाईंनी अगदी हळू सांगितलं." आईला ती कुजबुज मायेची वाटली. ते गुपित होतं, हे तिच्या मनातही आलं नाही. मग माझ्या कुठून येणार.

त्या हिवाळ्यात लॉर्डसाहेब गेले. खोकला छातीत उतरला आणि दहा दिवसांत सगळं आटोपलं. चर्चमध्ये लोक मायकेलशी हात मिळवताना त्याला 'लॉर्ड ड्रमकारा' म्हणत होते आणि तो प्रत्येक वेळी किंचित मागे वळून बघत होता, जणू वडील पाठीमागे उभे आहेत. लेडीबाई मात्र ताठ होत्या. घरी आल्यावर आईला म्हणाल्या, "आठवा. मी त्यांना आठवा दिला." त्या दोन महिन्यांत ते वाक्य त्यांनी कितीदा म्हटलं असेल. त्यांचं बाकी सगळं गेलं होतं. एवढं एक त्यांच्या हातून टिकलं होतं.

मग तो फॉर्म आला. इकडे उमरावांच्या वंशावळींचं एक जाडजूड पुस्तक निघतं आणि नवी आवृत्ती काढताना प्रकाशक प्रत्येक घराण्याकडे छापील मजकूर दुरुस्तीसाठी पाठवतात. अगदी आमच्या पुण्याच्या फॉर्मसारखंच. लेडीबाईंना सहीपुरतंच पेन धरवत होतं, म्हणून त्यांनी ते काम मला दिलं. लॉर्डसाहेबांच्या निधनाची नोंद करायची, मायकेलला आठवा लॉर्ड लिहायचं आणि सगळं स्वच्छ टाइप करायचं. मी जुना मजकूर वाचला. त्यात मायकेलच्या नावापुढे जन्मतारीख होती, शाळा होती, पण दत्तक असल्याची नोंद नव्हती. मला वाटलं, राहून गेली असेल. या लोकांच्या पुस्तकात केवढी ही ढिलाई. मी मायकेलच्या नावाखाली, माझ्या नेहमीच्या सवयीनं, एक शब्द वाढवला. लेडीबाईंनी चष्मा न लावताच सही केली. "तू टाइप केलंयस म्हणजे बरोबरच असणार," म्हणाल्या. पाकीट मीच पोस्टात टाकलं आणि येताना काम नीट झाल्याचं समाधान घेऊन आले.

उत्तर एका शनिवारी सकाळी आलं. मायकेल आदल्या दिवशीच आला होता. आई तव्यावर थालीपीठ लावत होती, लेडीबाई टेबलाशी बसल्या होत्या, आणि मी दाराखालून आलेली टपाल आणून ठेवली. वरच्याच पाकिटावर टाइप केलेलं होतं, 'द लॉर्ड ड्रमकारा'. वडिलांच्या नावानं येणारी पत्रं आता थांबली होती, म्हणजे हे मायकेलचं. त्या नावानं त्याला आलेलं पहिलंच पत्र. लेडीबाईंनी पाकीट हातात घेऊन ते नाव अंगठ्यानं चाचपलं. "मोठ्यानं वाचूया," त्या म्हणाल्या. "हेमा, तू वाच, तुझा आवाज स्पष्ट आहे." मायकेल म्हणाला, "वाच, मिस टाइपरायटर. उभी राहून वाच." मी खरंच उभी राहिले. त्याच्याच लोण्याच्या सुरीनं पाकीट फोडलं आणि वाचायला लागले.

पत्र फार सभ्य होतं. वडिलांच्या निधनाबद्दल दुःख, आईंनी पाठवलेल्या तपशिलाबद्दल आभार. मग पुढे असं, की आपण दत्तक असल्याची नोंद या तपशिलात प्रथमच आली असून, दत्तक पुत्राकडे पदवी जात नसल्यामुळे, आपण तिची खातरजमा केल्यास पदवीच्या खऱ्या वारसाकडे चौकशी करणं आम्हाला सोयीचं होईल. हे वाक्य लांब होतं. ते संपेपर्यंत मी वाचत गेले. शाळेत आम्हाला पूर्णविराम येईपर्यंत थांबायचं नाही असं शिकवलं होतं. पूर्णविराम आला तेव्हा मला आपण काय वाचलं ते कळलं.

मायकेल हसला. अगदी मनापासून हसला. "हेमानं टायपिंगची चूक केली," तो म्हणाला. "भलतीच ओळ घातली. काय गं?" तो माझ्याकडे बघत होता. त्याचे डोळे हसत नव्हते. मी 'हो' म्हणायला हवं होतं. मला आजही कळत नाही की ते एक अक्षर माझ्या तोंडून का निघालं नाही. खोटं बोलायची मला भीती नव्हती, मी आईशी रोज बोलत असे. पण मी आईकडे बघितलं आणि आईनं तवा तसाच धरून ठेवला होता.

"हेमा चुकत नाही," लेडीबाई म्हणाल्या.

त्यांचा आवाज इतका साधा होता की त्या माझं कौतुक करतायत असंच कुणालाही वाटलं असतं. मायकेलनं त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी टेबलाकडे बघितलं. तो म्हणाला, "मम्मी?" एवढंच. मग खुर्ची नीट टेबलाखाली सरकवली आणि वर गेला. त्याचं पाऊल मी दोन्ही जिन्यांवर मोजलं. तो अगदी वरच्या, बंद मजल्यापर्यंत गेला होता.

बाबा भाजी घेऊन आले तेव्हा आईनं त्यांना दारातच सांगितलं. लॉर्डसाहेब गेल्यावर लोक पदव्यांविषयी बोलत होते, तेव्हा हेच बाबा चेष्टेनं म्हणाले होते की ह्या लोकांनी दत्तक नामंजूर करून आपली झाशी घेतली, सातारा घेतला, नागपूर घेतलं. आता मात्र त्यांनी भाजीची पिशवी खाली ठेवली. त्यांनी लाल कुलवृत्तांत काढला, आमच्या शाखेचं पान उघडलं आणि वर गेले. मी पाठोपाठ गेले. मायकेल खिडकीत उभा होता, बादलीत छपराचं पाणी टिपटिप पडत होतं. बाबांनी आपल्या नावावर बोट ठेवलं. "हे बघ. मी पण. ह्या अक्षराचा अर्थ तोच. मी सहा वर्षांचा होतो, पण काही फरक पडला नाही. तेच माझे आईवडील."

मायकेलनं ते पान बराच वेळ बघितलं. त्याला एक अक्षर वाचता येत नव्हतं. "तुम्हाला जेवण घातलं होतं ना?" तो म्हणाला. "सगळ्या गल्लीला बोलावून?"

"हो."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

बाबांनी होकारार्थी मान हलवली. मग त्यांनी पुस्तक मिटलं. आम्ही खाली आलो तेव्हा ते माझ्यावर रागावतील असं मला वाटत होतं. त्यांनी फक्त विचारलं, "तुला कुणी सांगितलं होतं का, लिहू नकोस म्हणून?" मी नाही म्हटलं. "मलाही कुणी सांगितलं नसतं तर मीही लिहिलं असतं," बाबा म्हणाले. त्यानं मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

वकील आले. ते मला एका बाजूला घेऊन म्हणाले की पदवी रीतसर मंजूर करून घ्यायची वेळ आली असती तेव्हा जन्माचा पूर्ण दाखला मागितला गेला असता आणि हे उघड झालंच असतं. उघड झालंच असतं, हे शब्द मी आयुष्यभर खिशात घेऊन फिरले आहे. त्यांचा उपयोग कधी झाला नाही. उघड झालं असतं ते एखाद्या ऑफिसात, कागदावर. स्वयंपाकघरात माझ्या आवाजात झालं नसतं. इकडे आता कायदा थोडा सैल झालाय, दत्तक मुलांना नावाआधी मानाचा एखादा शब्द लावता येतो म्हणे. पदवी मात्र अजूनही नाही.

खरा वारस बेसिंगस्टोकला निघाला. पाचव्या लॉर्डच्या धाकट्या भावाचा पणतू, कुठल्याशा कंपनीत यंत्रं विकणारा पन्नाशीचा भला माणूस. बायकोसह, बिस्किटांचा डबा घेऊन भेटायला आला आणि आमच्याच स्वयंपाकघरात अवघडून बसला. "लेडी ड्रमकारा, मला हे नको होतं," तो पुनःपुन्हा म्हणत होता. "मला तीन मुलीच आहेत. माझ्यानंतर हे संपणारच." नाकारता येईल का, असंही त्यानं वकिलाला विचारून पाहिलं होतं. रक्त नाकारायची सोय नाही, असं उत्तर मिळालं. लेडीबाईंनी त्याला चहा ओतून दिला आणि 'मिस्टर हार्कट' म्हणून, घराण्याच्या साध्या आडनावानं, हाक मारली. त्यानंही ती दुरुस्त केली नाही. जाताना आईला दारात हळूच म्हणाला, "त्या मुलाला सांगा, मी कधी ते नाव वापरणार नाही." आईनं सांगितलं नाही. कुठल्या तोंडानं सांगणार होती?

मायकेल त्या शनिवारनंतर आला नाही. भांडण असं झालंच नाही. त्यानं एकदा फोन केला, तोही आई नसताना, मी उचलीन अशा वेळी. "हेमा," तो म्हणाला. मिस टाइपरायटर नाही. "मम्मीची पत्रं तूच टाइप करतेस. पाकिटावर फक्त मायकेल हार्कट घाल. दुसरं काही असेल तर मी उघडणार नाही." मी बरं म्हटलं. मला त्याची माफी मागायची होती. पण कशाची मागायची ते मी शोधत असतानाच त्यानं फोन ठेवला. पुढे तीन वर्षांनी लेडीबाई गेल्या तेव्हा तो आला, शवपेटीला पुढचा खांदा त्यानंच दिला आणि चहाला न थांबता ट्रेन पकडून गेला.

त्या वसंतात मात्र दर गुरुवारी लेडीबाई मला वर बोलवायच्या आणि त्याला पत्र सांगायच्या. हवा, बागेतली फुलं, छप्पर, मिसेस जोशींनी केलेलं लोणचं. त्या शनिवारविषयी त्यांनी कधी एक शब्द घातला नाही. शेवटी पाकीट यायचं. पहिल्या गुरुवारी मी विचारलं, "मिस्टर मायकेल हार्कट घालू का?" त्या म्हणाल्या, "माझ्या मुलाचं नाव मला माहीत आहे. द लॉर्ड ड्रमकारा." मी मनाशी ठरवलं की दोन पाकिटं करायची, एक त्यांना दाखवायचं आणि दुसरं पोस्टात टाकायचं. पण त्या फॉर्मनंतर त्यांनी एक सवय लावून घेतली होती. मी टाइप केलेलं प्रत्येक अक्षर त्या आता चष्मा लावून, वाकडं बोट ओळीखालून फिरवत वाचायच्या, मग पत्र स्वतः पाकिटात घालायच्या, कडा जिभेनं ओली करून स्वतः बंद करायच्या आणि मी पोस्टाच्या पेटीपर्यंत जाते की नाही ते खिडकीतून बघायच्या. दहा-बारा दिवसांनी ते परत यायचं, न फोडलेलं, मायकेलच्या गोल अक्षरात 'या नावाचं इथे कोणी राहत नाही' असं लिहून. टपाल सकाळी मीच उचलायची, म्हणून ती परत आलेली पाकिटं त्यांच्या हाती कधी पडली नाहीत. मी ती माझ्या वह्यांखाली ठेवायची, तारखेप्रमाणे लावून. गुरुवारी त्या विचारायच्या, "उत्तर?" मी नाही म्हणायची. "कामात असेल," असं म्हणून त्या बोट ओळीखाली ठेवायच्या, नाव पुन्हा एकदा वाचायच्या, "बरोबर आहे," म्हणायच्या, आणि मी ते पाकीट घेऊन जिना उतरायची.